आसगार्डचा रविवार

हौसेने शिडाची बोट चालवणारी माणसं म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. पांढरे कपडे, पांढरी शिडं, हातात पेला आणि खिशात भरपूर पैसा. गेटवेवर उभं राहिलं की लांबवर अशा एखाद-दोन बोटी दिसतात आणि आपण म्हणतो, चैन आहे बुवा! मीही तेच म्हणत आलो. पण अशाच एका हौशी बोटीचा एक दिवस काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

तारीख २६ जुलै १९१४. वार रविवार. जागा आयर्लंडमधलं हाऊथ, डब्लिनच्या ईशान्येला असलेलं मासेमारीचं छोटं बंदर.

बोटीचं नाव आसगार्ड. नॉर्वेच्या पुराणकथांमध्ये देवांच्या नगरीला आसगार्ड म्हणतात. लांबी ५१ फूट, दोन डोलकाठ्या. बांधणारा कॉलिन आर्चर हा नॉर्वेचा नामांकित कारागीर. ध्रुवीय मोहिमांमुळे जगप्रसिद्ध झालेलं 'फ्राम' हे जहाज त्याच्याच हातचं. आसगार्ड १९०५ मध्ये तयार झाली. अर्स्किन चिल्डर्स आणि त्याची बॉस्टनची बायको मॉली यांना मॉलीच्या आईवडिलांनी ती लग्नाची भेट म्हणून दिली होती. (आमच्याकडे लग्नात मिळालेला लेमन सेट अजून माळ्यावर आहे. असो.)

हा चिल्डर्स मूळचा लंडनचा, पण वाढला आयर्लंडमध्ये, आईच्या माहेरी. ब्रिटिश संसदेत कारकुनी केली, बोअर युद्धात इंग्रजांकडून लढला. सुट्टी मिळाली की बोट काढून उत्तर समुद्राच्या उथळ वाळूपट्ट्यांतून हिंडायचा. त्या भटकंतीतून त्याने १९०३ मध्ये 'द रिडल ऑफ द सँड्स' ही कादंबरी लिहिली. दोन मित्र, एक छोटी बोट आणि इंग्लंडवर स्वारी करण्याचा जर्मनीचा गुप्त बेत, अशी ती गोष्ट. हेरकथांच्या इतिहासात तिचं नाव आजही पहिल्या काही पुस्तकांत घेतात. थोडक्यात, माणूस साम्राज्याचा अगदी लाडका.

मग असा माणूस हाऊथला काय करत होता? तर बंदुका उतरवत होता. साम्राज्याच्या विरोधात!

मागची गोष्ट थोडी सांगायला हवी. आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य देण्याचा कायदा तेव्हा संसदेपुढे होता. उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या प्रोटेस्टंटांना तो नको होता. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी लार्न बंदरात सुमारे २५ हजार रायफली चोरून उतरवल्या आणि सरकारने काणाडोळा केला. त्यांच्यासमोर स्वराज्यवाद्यांचे आयरिश स्वयंसेवक, नोव्हेंबर १९१३ मध्ये स्थापन झालेले, रिकाम्या हाताने कवायत करत होते. तेव्हा लंडनमधल्या काही आयरिशप्रेमी मंडळींनी वर्गणी काढली, सुमारे १,५०० पौंड. चिल्डर्स आणि डॅरेल फिगिस हा लेखक हॅम्बुर्गला गेले आणि १,५०० जुन्या माउझर रायफलींचा सौदा करून आले. १८७१ च्या नमुन्याच्या, एका वेळी एकच गोळी झाडणाऱ्या. अल्स्टरच्या मालापुढे हा प्रकार म्हणजे दिवाळीतलं पिस्तूल. पण पैसेच तेवढे होते.

आता माल आणायचा कसा? व्यापारी जहाज आणलं तर पकडलं जाणार. हौशी बोटीवर मात्र कोण संशय घेणार? उन्हाळ्याचे दिवस, नवराबायको फिरायला निघालेत! ही युक्ती मेरी स्प्रिंग राइस या बाईची असं सांगतात. एका उमरावाची मुलगी, पण आयरिश स्वातंत्र्याने झपाटलेली. तीही बोटीवर आली. सोबत गॉर्डन शेपर्ड, चिल्डर्सचा बोटीवरचा जुना दोस्त आणि चक्क ब्रिटिश सैन्याच्या विमानदळातला अधिकारी. आणि डोनेगलजवळच्या गोला बेटावरचे दोन कोळी, पॅट्रिक मॅकगिन्ली आणि चार्ल्स दुगन. इतिहासाच्या पुस्तकांत या दोघांची नावं शेवटी येतात, कधी येतच नाहीत. पण आपल्याकडे ज्याने तांडेलाला काम करताना पाहिलंय, त्याला कळेल की बोट खरी कुणाच्या जिवावर चालते.

१२ जुलैच्या संध्याकाळी उत्तर समुद्रात, एका दीपनौकेपाशी, हॅम्बुर्गहून आलेल्या टगवरून माल बोटींवर चढला. ६०० रायफली कोनोर ओब्रायनच्या 'केल्पी'वर आणि ९०० आसगार्डवर, वर काडतुसांच्या पेट्या. एक रायफल साधारण साडेचार किलोची धरली तरी ९०० म्हणजे चार टन झाले! केबिनमधलं सामानसुमान आधीच काढून टाकलं होतं. रायफली रचल्या, त्यावर गाद्या टाकल्या, आणि पुढचे दोन आठवडे ही मंडळी त्यावरच जेवली, त्यावरच झोपली. वाटेत डेव्हनपोर्टपुढे एका रात्री तर बोट ब्रिटिश आरमाराच्या ताफ्यातच सापडली. पुढे आयरिश समुद्रात वादळाने गाठलं.

आणि मग तो रविवार उजाडला.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण इतिहासात याचं एकच वाक्य होतं: "हाऊथला शस्त्रं उतरवली." पण त्या दिवसाचा खरा पेच राजकारणाचा नव्हता, पाण्याचा होता. हाऊथचं बंदर उथळ. भरती असतानाच आत शिरता येणार, आणि भरती दुपारच्या सुमारास. ओहोटीला रेवसच्या चिखलात लाँच अडकण्याची धास्ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे डब्लिनहून चालत निघालेले हजारभर स्वयंसेवक आणि शिडावर चालणारी एक बोट, दोघांनी एकाच वेळी एकाच धक्क्यावर पोहोचायचं. मोबाइल नाही, वायरलेस नाही. वारा पडला तर संपलं. लवकर पोहोचलं तर पोलीस, उशीर झाला तर चिखल.

ठरलं असं होतं की किनाऱ्याकडून एक मोटरबोट येईल आणि सगळं ठीक आहे अशी खूण देईल. आसगार्ड सकाळी लांबे बेटाजवळ येऊन वाट पाहत राहिली. मोटरबोट आलीच नाही. परत फिरावं की आत शिरावं? परत फिरलं तर दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात, आत शिरलं आणि समोर पोलीस असले तर तुरुंग. चिल्डर्सने आत जायचं ठरवलं.

सुकाणूवर होती मॉली. लहानपणीच्या अपघातामुळे तिला चालायला फार त्रास व्हायचा, पण सुकाणू धरायला ती पक्की. तिच्या अंगावर लाल झगा होता. किनाऱ्यावरच्यांना ठरवून दिलेली ती खूण होती. पाऊण वाजायच्या सुमारास आसगार्ड धक्क्याला लागली आणि त्याच वेळी स्वयंसेवक धक्क्यावरून धावत आले. साधारण अर्ध्या तासात बोट रिकामी! कोस्टगार्डने धोक्याचे अग्निबाण उडवले, पण तोवर रायफली खांद्यांवर चढून डब्लिनच्या वाटेला लागल्या होत्या.

किती सुंदर दिवस, नाही? मलाही वाचताना तसंच वाटलं. पण त्याच संध्याकाळी बॅचलर्स वॉक या रस्त्यावर ब्रिटिश सैनिकांनी डिवचणाऱ्या जमावावर गोळ्या झाडल्या. तिघं जागीच गेली, तीसहून अधिक जखमी झाले. अल्स्टरच्या बंदुकांना काणाडोळा आणि डब्लिनला गोळ्या, हे आयरिश लोक विसरले नाहीत. दहा दिवसांच्या आत महायुद्ध पेटलं. हाऊथच्या त्या जुनाट रायफली १९१६ च्या ईस्टरच्या उठावात डब्लिनच्या रस्त्यांवर वाजल्या.

आणि बोटीवरची माणसं? शेपर्ड ब्रिगेडियर जनरल झाला आणि जानेवारी १९१८ मध्ये विमान अपघातात गेला. मेरी १९२४ मध्ये क्षयाने गेली. चिल्डर्स बंदुका उतरवून झाल्यावर थोड्याच दिवसांत ब्रिटिश आरमारात दाखल झाला! त्याला त्यात विसंगती वाटली नाही. छोट्या राष्ट्रांसाठी हे युद्ध आहे असं तो मानत होता. शौर्यपदकही मिळालं. युद्धानंतर मात्र तो पूर्णपणे आयर्लंडचा झाला. १९२१ च्या तहाच्या वेळी आयरिश शिष्टमंडळाचा चिटणीस होता, पण तह त्याला पटला नाही, आणि यादवी युद्धात तो तहविरोधकांबरोबर राहिला. नोव्हेंबर १९२२ मध्ये आयरिश सरकारच्याच सैनिकांनी त्याला पकडलं. आरोप काय? बेकायदा पिस्तूल बाळगणं. ते छोटंसं पिस्तूल त्याला मायकल कॉलिन्सने, म्हणजे पुढे तहाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या नेत्याने, भेट दिलं होतं. २४ नोव्हेंबरला चिल्डर्सला गोळ्या घालण्यात आल्या. त्याआधी त्याने गोळ्या घालणाऱ्या प्रत्येक सैनिकाशी हस्तांदोलन केलं.

ज्या देशासाठी ९०० रायफली आणल्या, त्याच देशाने एका पिस्तुलासाठी जीव घेतला. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण ते मला अपुरं वाटतं. कारण मृत्यूच्या आधी त्याने सोळा वर्षांच्या मुलाकडून वचन घेतलं होतं, की ज्यांनी माझ्या शिक्षेवर सह्या केल्या त्या प्रत्येकाशी तू हात मिळव. तोच मुलगा, अर्स्किन हॅमिल्टन चिल्डर्स, १९७३ मध्ये आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. बंदुका आणणारा बाप मुलाच्या हाती बंदूक न देता गेला, हे मला त्या रविवारच्या धाडसाहून मोठं वाटतं. अर्थात, बंदुका आल्याच नसत्या तर काय झालं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

आसगार्ड आज डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात, कॉलिन्स बराकीत, २०१२ पासून कोरड्या जमिनीवर उभी आहे. आमच्या नात्यातलं कुणी तिकडे गेलं तर माझ्यासाठी एवढंच बघून या: त्या ५१ फुटांत ९०० रायफली आणि माणसं मावली तरी कशी?