अमेरिकेतलं विशेष शिक्षण : सल्लागार मंडळावर कोण बसतं?

मंडळी, आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. सरकारी मंडळावरच्या खुर्च्या! पण त्यामागे कोर्टकचेऱ्या आहेत. पेनसिल्व्हेनियात कायदाच असा होता, की मुलाचं मानसिक वय पाच वर्षांचं झालेलं नसेल तर शाळेनं त्याला नाकारलं तरी चालेल. १९७१ मध्ये मतिमंद मुलांच्या पालकांची संघटना राज्याविरुद्ध फेडरल कोर्टात गेली, आणि राज्याला नमतं घ्यावं लागलं. त्यातूनच पुढे १९७५ चा केंद्रीय शिक्षण-कायदा आला. प्रत्येक राज्यात विशेष शिक्षणाचं सल्लागार मंडळ असावं, त्यात पालक आणि स्वतः अपंग असलेली माणसंही हवीत, हे त्यात लिहिलं गेलं.

पण बसवणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. दहा अधिकाऱ्यांमध्ये एक आई बसवली की नियम पाळला जातो. तिचं कोण ऐकणार? बहुमत अपंग व्यक्ती आणि पालकांचंच हवं, हा नियम यायला १९९७ उजाडलं. म्हणजे बावीस वर्षं गेली!

आता गंमत बघा. या मंडळाच्या आधीपासून, १९७० च्या कायद्यानं, राज्याराज्यांत विकासात्मक अपंगत्व परिषदा आहेत. त्यांच्या सदस्यांत विशेष शिक्षण खात्याचा प्रतिनिधी असलाच पाहिजे, असं त्यांचा कायदा सांगतो. उलट बाजूनं मात्र तसं नाही. शिक्षण-कायद्यातल्या यादीत शिक्षक आहेत, खाजगी शाळा आहेत, तुरुंग खातंसुद्धा आहे. परिषदेचं नाव नाही. खातं परिषदेत हक्कानं बसतं, परिषद मंडळावर बसते ती राज्यानं बोलावलं तर.

याला महत्त्व का द्यायचं? एकटी आई आपल्या मुलाचा अनुभव आणते, आणि तो खराच असतो. पण परिषदेकडे पगारी कर्मचारी असतात, पाच वर्षांचा आराखडा असतो. शाळा सुटल्यावर या मुलांच्या नोकरीचं, घराचं काय होतं, हे तिला राज्यभराचं दिसतं. शिक्षण खात्याची नजर बहुधा शाळेच्या फाटकापाशी थांबते.

कुणी म्हणेल, परिषदेचे सदस्यही गव्हर्नरच नेमतो, मग ती पालकांचा आवाज कसली? आक्षेप बरोबर आहे. म्हणून परिषदेनं पाठवायचं ते आपल्या अधिकाऱ्याला नव्हे. तिच्या सदस्यांत किमान साठ टक्के अपंग व्यक्ती आणि त्यांचे नातेवाईक असावे लागतात. त्यांच्यातलाच कोणी अपंग सदस्य किंवा पालक पाठवावा. तो बहुमतातही मोजला जाईल आणि मागे परिषदेचं बळही राहील. मंडळ फक्त सल्ला देतं, निर्णय खातंच घेतं; तेव्हा सल्ल्यामागे एवढं तरी बळ हवंच.