पलटण, पाटी आणि यंत्र

वाचकहो, सकाळी खेड्यातल्या शाळेची घंटा होते, मुले रांगेत उभी राहतात, 'सावधान', 'विश्राम' असे शब्द ऐकू येतात. प्रार्थना आटोपली की वर्गात हजेरी, मग पाटी-पुस्तक. आणि गुरुजींच्या किंवा बाईंच्या खिशात, पिशवीत मोबाईल असतोच. रांग, अक्षर आणि यंत्र ही तीन वेगवेगळी ठिकाणं असावीत असं आपल्याला वाटतं. पण या तिघांचं फार जुनं नातं आहे.

मी संगणकाच्या कामात रमलेला माणूस. त्यामुळे गावाकडे गेलो की मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पोरांच्या हाती मोबाईल द्यावा की नाही? आणि शाळेत लष्करी शिक्षण सक्तीचं करावं की नाही? या दोन्ही प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' असे झटपट उत्तर देता येईल. परंतु आपल्या वाडवडिलांच्या हाती नवी साधने आली तेव्हा काय घडले, हे आधी पाहिले तर उत्तर अधिक नीट सापडेल असे मला वाटते.

गोष्ट सुरू होते मद्रासेत. १७८९ साली तेथे एग्मोर भागात फौजेतील गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक शाळा निघाली. तिची देखरेख अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्रीसाहेबांकडे होती. एकदा त्यांच्या पाहण्यात आले की, गावातल्या देशी शाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे गिरवत आहेत. कागद नको, शाई नको. चुकले की हात फिरवला, पुन्हा वाळू कोरी! बेलसाहेबांनी ही युक्ती आपल्या शाळेत आणली. मोठ्या शिक्षकांना ती रुचेना, तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलालाच धाकट्यांचा वर्ग दिला. मुलांनीच मुलांना शिकवायचे, ही रीत तेथे चांगली बसली. १७९७ साली त्यांनी लंडनमध्ये यावर पुस्तक छापले आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती विलायतेतल्या गोरगरिबांच्या हजारो शाळांत पसरली.

आता तुम्हीच सांगा, ही वाळू म्हणजे दुसरं काय? आपली धूळपाटीच की! 'धुळाक्षरे गिरवणे' हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो तो तिच्यामुळेच. अशी ही देशी युक्ती पलटणीच्या अनाथालयातून जगभर गेली. आणि पुढे मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघू लागल्या तेव्हा विलायती शहाणपण म्हणून मुलांनी मुलांना शिकवण्याची तीच रीत आपल्याकडे परत आली.

या नव्या शाळांच्या उभारणीत लष्करातली माणसे ठळकपणे दिसतात. १८१८ मध्ये पेशवाई गेली. नव्या राज्यकर्त्यांना रयतेची भाषा यायला हवी होती, हुकूम समजणारी आणि हिशेब लिहिणारी माणसे हवी होती. १८२२ साली मुंबईत शाळा आणि शाळेची पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिच्या कामात पुढे होते लष्करी इंजिनिअर दलातले कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस. त्यांनी शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली. शिकवून तयार केलेले २४ शिक्षक १८२६ साली ठिकठिकाणी शाळा चालवण्यासाठी पाठवण्यात आले. पुढे १८४० च्या दशकात वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा आग्रह सुरू झाला, तेव्हा याच जर्व्हिससाहेबांनी आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषेची बाजू लावून धरली.

मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश शिक्षकांना ठाऊक असेल. १८३१ साली तो प्रसिद्ध झाला. जेम्स मोल्सवर्थ हेही मूळचे फौजेतलेच. त्यांचे सहकारी थॉमस कँडी हे मेजर. आपली मोडीची जुनी दफ्तरे पाहा. शब्दाला शब्द लागून ओळ धावत जाते, कोठे थांबावे ते वाचणाऱ्याने ताडायचे. छापील मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह रुजवण्याचे मोठे श्रेय कँडी यांना दिले जाते. १८५० मध्ये त्यांनी विरामचिन्हांवर पुस्तकच लिहिले. म्हणजे वाक्याला 'विश्राम' द्यायला आपल्याला एका मेजरसाहेबाने शिकवले, असे गमतीने म्हणता येईल.

पण वाचकहो, हे सारे उपकारबुद्धीने झाले असे समजू नका. राज्य चालवायचे होते, म्हणून ही साधने घडवली गेली. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ही साधने ज्यांच्या हाती गेली, त्यांनी त्यांचे काय केले?

कंपनी सरकारच्या फौजेत देशी शिपाई आणि त्यांची मुले यांच्या शिक्षणाची सोय होती. मुलींनाही ती होती. हुकूम वाचता यावा, नोंदी ठेवता याव्यात, एवढाच सरकारचा मतलब असेल. परंतु गावच्या शाळेने ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले होते, त्यांतल्या काहींना अक्षर भेटले ते छावणीत. रामजी सकपाळ हे असेच एक लष्करी शिक्षक. पुण्यात त्यांनी लष्कराच्या शाळेत अध्यापनाचे शिक्षण घेतले, सुभेदार हुद्द्यापर्यंत चढले आणि लष्करी शाळेचे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत त्यांना जो मुलगा झाला, तो म्हणजे भीमराव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

रामजी निवृत्त झाले, कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. शाळा सरकारी, पुस्तके तीच, गुरुजी तेच. पण या मुलाने बसायचे ते वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शाळेच्या शिपायाने तोटी सोडली तरच पाणी. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. छावणीत बापाने इतरांच्या मुलांना शिकवले, आणि गावात त्याच्या मुलाला पाण्यासाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागले.

असेच दुसरे नाव गोपाळबाबा वलंगकर यांचे. तेही फौजेतून निवृत्त झालेले. छावणीत मिळालेली लेखणी त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध चालवली. १८९० नंतरच्या काळात सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा सरकारकडे दाद मागणारा अर्ज तयार करण्यात तेच पुढे होते. हुकूम वाचण्यासाठी शिकवलेले अक्षर हुकमालाच प्रश्न विचारू लागले! छावणीबाहेर हेच काम जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात आरंभले होते. साधन कोणी आणि कशासाठी घडवले यावर सगळे ठरत नाही. ते कोणाला, किती मोकळेपणाने शिकवले यावर बरेच ठरते. मला आजच्या यंत्राविषयी बोलायचे आहे ते याच आधारावर.

त्याआधी कवाईतीचा प्रश्न घेऊ. विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची सुरुवात आपल्याकडे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली विद्यापीठांच्या पथकांनी झाली. स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन.सी.सी., अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग निघाला. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ मध्ये ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करण्यात आली. देशातली पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी निघाली ती साताऱ्यालाच. आणि मुलींना सैनिकी शाळांची दारे सर्वत्र उघडली ती २०२१ पासून.

माझं मत विचाराल तर कवाईत वाईट नाही. पूर आला, आग लागली, तर चार माणसांचे हात एका हाकेसरशी हलावे लागतात. छात्रसेनेच्या शिबिरात मुलगा नकाशा वाचायला शिकतो, प्रथमोपचार शिकतो, परक्या मुलखातल्या मुलाशी एका तंबूत राहायला शिकतो. हे पुस्तकातून येत नाही. पण सक्तीने पाय एका तालात पडतात, डोके चालतेच असे नाही. यंत्राच्या धंद्यात तर 'हे असंच का?' असं विचारणाऱ्याशिवाय काम पुढे सरकत नाही. म्हणून कवाईत असावी, ती मुलाच्या खुशीची असावी, आणि तिच्यासाठी विज्ञानाचा तास मात्र खाऊ नये.

आता आजच्या यंत्रांकडे वळू. अक्षराप्रमाणे याही साधनांचा उगम पुष्कळदा फौजेतच सापडतो. फरक इतकाच की ही फौज अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात तोफगोळा किती अंतरावर पडेल याची कोष्टके तयार करण्यासाठी तेथील सैन्याने एका विद्यापीठाकडून मोठे गणकयंत्र बनवून घेतले. 'एनिॲक' हे त्याचे नाव. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते लोकांना दाखवले गेले. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत काचेचे दिवे असत ना, तसले. ते यंत्र चालवण्याची रीत बसवली सहा तरुण स्त्रियांनी. शिकवायला कोणी नाही, पुस्तक नाही. यंत्राचे आराखडे समोर ठेवून त्या स्वतः शिकल्या. समारंभात मात्र त्यांचे नाव कोणी घेतले नाही. दारे बंद ठेवण्याची खोड काही आपल्याच मुलखाची नाही.

इंटरनेटचेही तसेच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडण्याचा प्रयोग झाला. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी एका विद्यार्थ्याने पहिला शब्द पाठवायला घेतला. 'लॉगिन'ची दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले! पण तेच जाळे वाढत गेले, आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून आपल्या देशात ते सर्वसामान्यांसाठी सुरू झाले. मोबाईलवर तुम्ही वाट शोधता, तीही सैन्याच्या उपग्रहांमुळे. जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून ते वेळ सांगतात आणि तुमचा मोबाईल निदान चार उपग्रहांच्या वेळा ताडून आपली जागा काढतो. लोकांना मिळणाऱ्या संकेतात अमेरिकन सरकार मुद्दाम चूक ठेवत असे. ती मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली. आता आपल्या शिवारात जमीन मोजणीला येणारे रोव्हर यंत्रही उपग्रहांच्याच आधारे काम करते. आपल्या देशानेही २०१३ पासून स्वतःचे असे उपग्रह सोडले. त्या व्यवस्थेचे नाव 'नाविक'.

मग हे यंत्र मुलाच्या हाती द्यावे का? द्यावे; पण शिकवून द्यावे. मोबाईलवर नुसते बोट फिरवणे म्हणजे शिकणे नव्हे. मोजणीचा माणूस आला की पोराला बरोबर न्या, आकडा कुठून आला ते विचारू द्या. शेताचे क्षेत्रफळ त्याला दोरीने मोजू द्या, मग यंत्राने मोजू द्या, आणि दोन्हींत फरक का पडला ते सांगायला लावा.

याची रीत आपल्याकडे पूर्वीच घालून दिलेली आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. लोक चावडीत, शाळेत जमून कार्यक्रम ऐकत. पण ऐकून घरी जात नसत. चर्चा करत, शंका लिहून पाठवत, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात मिळत. रेडिओ बोलला आणि गावानेही रेडिओला उलट विचारले. १९५९ पासून ही मंडळे देशभर सुरू झाली.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून आपल्या राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणे होतात, ती व्हावीतच. त्याबरोबर आणखी एक काम करा. शाळेत संगणक असेल, टॅब असेल, तर या वर्षभरात त्याला कोणकोणत्या मुलांचा हात लागला, याची यादी काढा. कोणाचा लागलेला नाही तेही लिहा. मागच्या बाकावरची पोर, उसाच्या फडावरून उशिरा दाखल झालेले पोर, पालावरचे पोर, यांची नावे त्यात आहेत का ते पाहा. दुसऱ्याने तोटी सोडेपर्यंत तहानेने उभे राहणारे मूल तुमच्या वर्गात आजही असेल, तर त्याचे नाव त्या यादीवरून तुम्हाला कळेल. मग दुसऱ्या दिवशी पहिला तास त्याला द्या.