'पट' संकल्पनेचे अध्यापन : पंतोजींच्या शाळेपासून प्राथमिक वर्गापर्यंत – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
दोन राशींची तुलना दोन प्रकारे करता येते. एक राशी दुसरीपेक्षा कितीने अधिक आहे, हा पहिला प्रकार. ती दुसरीच्या किती पट आहे, हा दुसरा. दुसऱ्या प्रकारच्या शाब्दिक उदाहरणांत मूळ राशी, पट आणि तुलनीय राशी असे तीन घटक असतात. तुलनीय राशी अज्ञात असल्यास गुणाकार, तर उरलेल्या दोन प्रसंगी भागाकार करावा लागतो. महाराष्ट्रातील गणित-अध्यापनाच्या परंपरेत या प्रकारांना कोणते स्थान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पंतोजींची शाळा व अपूर्णांकांचे पाढे :
पंतोजींच्या शाळेत उजळणीला मध्यवर्ती स्थान होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे पाढे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच व साडेतीन पटींचे होत. रुपयाचे 16 आणे आणि मणाचे 40 शेर असलेल्या व्यवहाराला ते अनुरूप होते. शेराचा भाव 12 आणे असल्यास पाऊण शेराचे 9 आणे, हे उत्तर विद्यार्थी तोंडी देत असे. 'पट' ही कल्पना त्यामुळे पूर्णांकांपुरती मर्यादित राहत नसे. मात्र पाढ्याची दिशा एकच होती : मूळ राशीकडून तुलनीय राशीकडे. तुलनीय राशीवरून मूळ राशी शोधण्याची रीत पाढ्यात सांगितलेली नव्हती.

विलोमविधीची परंपरा :
ही उलट रीत भारतीय गणिताला अज्ञात नव्हती. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये विलोमविधी सांगितला : गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) विलोमविधीसोबत इष्टकर्म व त्रैराशिक यांचेही विवेचन आहे. चाळीसगावनजीकच्या पाटण येथील 1207 च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे. परंतु हे ज्ञान संस्कृतात होते व त्याचा अधिकार मोजक्यांकडे होता. अशा रीतीने एकाच संकल्पनेच्या दोन बाजू दोन भिन्न परंपरांत विभागल्या गेल्या.

सवाई-दिढीचा हिशेब :
या विभागणीचे परिणाम केवळ शैक्षणिक नव्हते. ग्रामीण भागात धान्याचे कर्ज सवाई-दिढीने दिले जाई. दिढीने 6 मण परत करणाऱ्या कुळाने मुळात किती धान्य उचलले होते? 6 मणांचे निम्मे वजा केल्यास 3 मण हे चुकीचे उत्तर येते. 6 ला दीडने भागल्यास 4 मण हे खरे उत्तर मिळते. हा फरक न कळणाऱ्यास सावकाराची वही तपासणे शक्य नव्हते. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचाही आग्रह धरला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते.

दशमान पद्धतीनंतर :
1 एप्रिल 1957 पासून दशमान नाणेपद्धती सुरू झाली व 1958 पासून मेट्रिक वजने-मापे टप्प्याटप्प्याने आली. आणे-शेरांचा आधार सुटताच अपूर्णांकांचे पाढे मागे पडले. त्यांतील घोकंपट्टी गेली हे इष्टच झाले. परंतु पाऊणपट, सवापट, दीडपट या शब्दांचा नित्य सरावही त्याबरोबर क्षीण झाला.

लुईस व मेयर यांनी 1987 मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की, उदाहरणातील संबंधदर्शक शब्द आणि आवश्यक क्रिया यांचा मेळ बसत नाही, तेथे महाविद्यालयीन विद्यार्थीही अधिक चुका करतात. 'सीतेजवळ 12 आंबे असून ते गीतेजवळील आंब्यांच्या तिप्पट आहेत; तर गीतेजवळ किती?' येथे 'तिप्पट' हा शब्द गुणाकाराकडे ओढतो व 36 हे उत्तर येते. कोणाचे आंबे मूळ राशी आहेत, हे प्रथम ठरविल्यास 4 हे उत्तर सहज मिळते.

समारोप :
पाढ्यांनी 'पट' जिभेवर रुजविला, विलोमविधीने तो उलट दिशेने चालविला. मात्र प्रारंभिक शिक्षणात या दोहोंचा मेळ बसला नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 ने विचारप्रक्रियेच्या गणितीयीकरणावर भर दिला. त्या दृष्टीने तीनही प्रकारची उदाहरणे एकत्र देणे, पट्ट्यांच्या आकृतीने मूळ राशी दाखविणे आणि दीडपट-पाऊणपट हे परिचित शब्द वर्गात पुन्हा वापरणे उपयुक्त ठरेल. जुन्या पाढ्यांचे पुनरुज्जीवन नव्हे, तर त्यांत दडलेल्या संबंधाचे आकलन सर्व मुलांपर्यंत पोहोचविणे, हे प्राथमिक गणित-अध्यापनाचे उद्दिष्ट असावयास हवे.