राजगड ते तोरणा: मधली डोंगरधार

आपल्या चिंचपोकळीची मुलं सुट्टीत राजगड-तोरणा करून येतात. फोटोत हा गड, तो गड. मधली धार नसतेच. आज आपण तीच बघू. राजगडाच्या संजीवनी माचीखालून निघालेली ही धार थेट तोरण्याच्या बुधला माचीला भिडते.

१६६५च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, १२ महाराजांकडे राहिले. त्या बारांत राजगड आहे आणि तोरणाही. यादी आपण शाळेत पाठ केली, पण नकाशावर ठेवून वाचली का कधी? तोरणा गेला असता, तर मोगल याच धारेने राजधानीच्या माचीखाली आले असते! म्हणून आम्हाला वाटतं, तहात नुसते गड नाही, वाटही राखली गेली. पुढच्या खेपेला धारेवर मध्येच थांबा. दोन्ही गड तिथून दिसतात.