अंगण, लॉन, तळघर

परदेशात राहणारा जमैकन माणूस आपल्या देशाला ‘यार्ड’ म्हणतो. शब्दकोशात या शब्दापुढे आवार, अंगण, परसू असे पर्याय दिसतात. किंग्स्टनच्या गरीब वस्तीतलं यार्ड मात्र यांतल्या एकातही नीट बसत नाही. कडेनं खोल्या, मध्ये उघडी जमीन, सगळ्यांत मिळून एक नळ, सामाईक चूल आणि सामाईक संडास. रॉजर मेस याच्या ‘द हिल्स वेअर जॉयफुल टुगेदर’ (१९५३) या कादंबरीचं सगळं जग अशाच एका यार्डात घडतं. आपल्याला चाळ आठवते, आणि तुलना अगदीच वावगी नाही. धुणं, भांडण, डॉमिनोचा डाव, कुणी गेलं की नवव्या रात्रीपर्यंत चालणारं जागरण, हे सगळं त्या मधल्या जागेत होतं.

कॅरिबियन साहित्याचं भाषांतर करताना अशा शब्दांचा एक पुंजकाच माझ्यापुढे येतो: यार्ड, लॉन, एक्स्कर्शन, ब्लूज. चारही शब्द करमणुकीशी जोडलेले आहेत, आणि चारही एखाद्या जागेचं किंवा तिथं जाण्याचं नाव आहेत. मराठीत ‘मौज’ ही मनाची अवस्था आहे. जमैकात मौजेचा पहिला प्रश्न जमिनीचा असतो: जमायचं कुठे, ती जागा कुणाची, आणि तिथून आपल्याला उठवणार कोण? त्या बेटाचा सामाजिक इतिहास या प्रश्नाच्या अंगानं वाचता येतो.

इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पेनकडून जमैका घेतलं आणि पुढे ते उसाच्या मळ्यांचं बेट झालं. गुलामांच्या वाट्याला येणारा मोकळा वेळ मोजका होता. रविवारी मळ्याच्या कडेच्या तुकड्यात स्वतःपुरतं पिकवायचं, उरलेलं बाजारात विकायचं. म्हणजे रविवारचा बाजार हीच खरी भेटीगाठींची जागा. नाताळात दोन-तीन दिवसांची सुट्टी मिळे. तेव्हा ‘जोंकोनू’ निघे: मुखवटे, गायीचं शिंगांसह डोकं घातलेला नाच्या, ढोल, एका रंगाचे कपडे घालून चालणारे बायकांचे ताफे. किंग्स्टनमध्ये जन्मलेला ज्यू चित्रकार आयझॅक मेंडेस बेलिसारियो यानं १८३७-३८ मध्ये या सोंगांची शिळाछाप चित्रं प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका चित्रात नाचणाऱ्यानं डोक्यावर एक आख्खं घर घेतलंय, खिडक्या-खांबांसकट, मालकाच्या हवेलीसारखं. ज्याला स्वतःचं घर असण्याचा हक्क नव्हता, तो वर्षातले दोन दिवस घर डोक्यावर घेऊन नाचत होता.

मालकांना वाटे, ही सुट्टी म्हणजे वाफ बाहेर जाऊ देण्याची सोय. १८३१ च्या नाताळानं त्यांचा हा समज मोडला. बॅप्टिस्ट उपदेशक सॅम्युएल शार्प यानं प्रार्थनेच्या बैठकींतून निरोप पसरवला होता की सुट्टी संपली तरी मजुरीशिवाय कामावर परतायचं नाही. २७ डिसेंबरच्या रात्री केन्सिंग्टन मळ्यावर आग लागली आणि संपाचं बंड झालं. त्यात सुमारे ६०,००० गुलाम सामील झाले असं मानतात. शार्पला मे १८३२ मध्ये फाशी झाली. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली आणि १ ऑगस्ट १८३८ ला पूर्ण मुक्ती आली. जागेचा प्रश्न मात्र संपला नाही. १८४१ मध्ये किंग्स्टनच्या महापौरानं जोंकोनूवर बंदी घातली, तेव्हा शहरात दंगल उसळली. लोक आता स्वतंत्र होते, रस्ता अजून त्यांचा झाला नव्हता.

मुक्तीनंतर मळ्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा या गोष्टीत आपलीही माणसं येतात. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल’ जहाज ओल्ड हार्बर बे इथं लागलं. त्यानंतर १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० भारतीय करारावर जमैकात गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांनी मोहरमचे ताजिये नेले. बांबू आणि रंगीत कागदाच्या त्या डोलाऱ्यांपुढे हिंदू, मुसलमान आणि आफ्रिकी वंशाचे शेजारी एकत्र चालू लागले, आणि शोकाच्या मिरवणुकीचा ‘होसे’ नावाचा जमैकन उत्सव झाला. ‘गांजा’ हा शब्दही याच मजुरांबरोबर गेला. जमैकन गाण्यांत तो भेटतो तेव्हा मला भाषांतराचं काही कामच उरत नाही.

१८४५ मध्येच किंग्स्टनहून रेल्वे सुरू झाली आणि १८९४ मध्ये ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला, माँटेगो बेपर्यंत पोचली. चर्चनं किंवा मंडळानं आख्खी गाडी ठरवायची, तिकिटं विकायची, पहाटे निघून रात्री परतायचं: याला म्हणत एक्स्कर्शन. ‘सहल’ हा आपला शब्द शाळेच्या वयाचा आहे. एक्स्कर्शनला आजी, नातू, प्रेमी जोडपी, खिसेकापू, सगळे असत. एरवी बेट ओलांडणं ज्यांना परवडलं नसतं अशांना त्या एका दिवसापुरता देश आपलासा वाटे.

१ सप्टेंबर १९५७, रविवार. किंग्स्टनच्या सेंट अ‍ॅन्स चर्चच्या होली नेम सोसायटीनं काढलेली एक्स्कर्शन माँटेगो बेहून परतत होती. दोन डिझेल इंजिनं, बारा लाकडी डबे, आणि त्यांत सुमारे १,६०० माणसं, म्हणजे क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त. मध्यरात्रीच्या सुमारास केंडलजवळ उतारावर गाडीचा वेग आवरेना आणि डबे रुळांवरून फेकले गेले. जवळजवळ २०० जण मेले, शेकडो जखमी झाले. ओळख न पटलेल्यांना तिथंच शेजारी एकत्र पुरलं. जुनी गाडी, कोंबलेली माणसं, ब्रेकची हेळसांड: गरिबाच्या सहलीसाठी जे उरलंसुरलं ठेवलेलं असतं, तेच हे होतं. ‘केंडल’ हा शब्द जमैकात आजही नुसता गावाचं नाव म्हणून उच्चारला जात नाही.

ज्या माँटेगो बेला ही माणसं गेली होती, तिथल्या समुद्राचीही एक गोष्ट आहे. ‘डॉक्टर्स केव्ह’ हा तिथला प्रसिद्ध किनारा डॉ. मॅकॅटी यांनी १९०६ मध्ये स्नानाच्या क्लबसाठी दिला. पाणी औषधी आहे अशी ख्याती झाली, हॉटेलं आली, आणि क्लब सभासदांचा म्हणजे मुख्यतः गोऱ्या आणि श्रीमंतांचा राहिला. १९५६ च्या बीच कंट्रोल अ‍ॅक्टनं सगळा किनारपट्टा आणि लगतचा समुद्रतळ राजसत्तेच्या मालकीचा ठरवला. मच्छीमारांचे पूर्वापार हक्क राखले. पण समुद्रात उतरण्याचा, पोहण्याचा सर्वसामान्य हक्क जनतेला दिला नाही. केंडलच्या आदल्या वर्षी झालेल्या या कायद्यानं बेटावरच्या माणसाला आपल्याच समुद्रात पाहुणा केलं.

समुद्र हाती नव्हता, तेव्हा शहरातल्या कष्टकऱ्यांनी भिंतीआडची जागा धरली. मार्कस गार्वी १९२७ मध्ये अमेरिकेतून हद्दपार होऊन परतला आणि त्यानं किंग्स्टनच्या स्लाइप रोडवर ‘एडलवाइस पार्क’मध्ये नाटकं, गाण्याचे जलसे, वक्तृत्वाच्या स्पर्धा सुरू केल्या. काळ्या माणसानं संध्याकाळी चांगले कपडे घालून सन्मानानं कुठेतरी जावं, हा त्याच्या राजकारणाचाच भाग होता.

चाळिशीच्या अखेरीस तिथं ‘लॉन’चा काळ आला. किंग्स्टनमधलं लॉन म्हणजे हिरवळ असेलच असं नाही. नाचासाठी राखलेलं, कुंपण घातलेलं आवार. हा शब्द मराठीत आणायला मला कष्ट पडत नाहीत, कारण आपल्या जिल्ह्याच्या गावांतही ‘अमुक लॉन्स’ म्हटलं की गवत आठवत नाही, लग्न आठवतं. वाद्यवृंद परवडत नसे, म्हणून लोखंडी सामानाच्या दुकानाचा मालक टॉम वाँग यानं मोठे कर्णे आणि अँप्लिफायर लावून रेकॉर्डी वाजवायला सुरुवात केली. वडील चिनी, आई आफ्रिकी वंशाची; ध्वनियंत्रणेचं नाव ‘टॉम द ग्रेट सेबॅस्टियन’. मग माजी पोलीस ड्यूक रीड आला, क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड आला. अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डीचं लेबल खरवडून टाकत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नाव कळू नये. तिकिटाबरोबर बिअर, रम आणि मटण करीही विकली जाई. यंत्रणेवर रेकॉर्ड लावणारा तो ‘सिलेक्टर’, आणि तिच्यावर बोलणारा, लय धरून लोकांना नाचवणारा तो ‘डीजे’. आपल्या मिरवणुकीत ‘डीजे’ म्हणजे भिंतीएवढे स्पीकर. माणसाचं नाव यंत्राला लागलं की ती भाषांतरकाराची डोकेदुखी होते.

इथून जहाजं इंग्लंडला निघाली. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ टिलबरीला लागलं आणि पुढच्या चौदा वर्षांत, १९६२ च्या कायद्यानं दार अरुंद करेपर्यंत, कॅरिबियनमधून लाखांनी माणसं गेली. तिथं काम मिळालं, संध्याकाळ मिळाली नाही. अनेक पबमध्ये त्यांना सरळ नकार मिळे, नाचाच्या हॉलमध्येही तेच. अशा सार्वजनिक ठिकाणी रंगावरून नाकारणं बेकायदा ठरायला १९६५ साल उजाडावं लागलं. मग घराचं तळघर लॉन झालं. खोलीतलं सामान हलवायचं, भिंतीला स्पीकर टेकवायचे, दाराशी थोडे पैसे घ्यायचे, आत बिअरचे डबे आणि बकऱ्याची करी विकायची. याला म्हणत ‘ब्लूज’. टॉम वाँगच्या यंत्रणेवर काम केलेला ड्यूक विन १९५४ मध्ये जहाजात लपून इंग्लंडला पोचला आणि पुढच्याच वर्षी त्यानं लॅडब्रोक ग्रोव्हमध्ये आपली ध्वनियंत्रणा उभी केली. विनापरवाना दारूच्या निमित्तानं पोलीस येत आणि स्पीकर फोडले जात.

या घरांमागे ‘पार्डनर’ होता. दर आठवड्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम द्यायची आणि पाळीपाळीनं एकानं सगळी उचलायची. याचं भाषांतर एका शब्दात होतं: भिशी. बँका दारात उभं करत नव्हत्या तेव्हा घराची अनामत, बोटीचं तिकीट आणि कधी नव्या रेडिओग्रामचे पैसे याच भिशीतून आले. उन्हाळ्यात चर्च आणि मंडळं बस ठरवून मारगेट, साउथएंडला जात. डब्यात भात-घेवडा आणि तळलेली कोंबडी. रेल्वे सुटली होती, एक्स्कर्शन सुटली नव्हती.

तळघरं सुरक्षित होती असं मात्र नाही. १८ जानेवारी १९८१ च्या पहाटे लंडनच्या न्यू क्रॉस रोडवरच्या एका घरात वाढदिवसाची पार्टी चालू असताना आग लागली आणि तेरा तरुण मुलंमुली गेली. आग लावली गेली असा समाजाचा संशय होता. १९८१ आणि २००४ अशा दोन चौकशांनंतरही निर्णय खुलाच राहिला. सरकारकडून सांत्वनाचा शब्द आला नाही. २ मार्चला, कामाच्या दिवशी, सुमारे २०,००० लोक लंडनच्या रस्त्यांवरून चालत गेले. त्या मोर्चाबद्दल वाचताना मला १८४१ चं किंग्स्टन आठवतं. लोक एकत्र जमून नाचले की तेवढ्यानंच ते संशयित होतात, आणि मेले तरी तो संशय पुरता फिटत नाही.

याच काळात हा वारसा न्यूयॉर्कलाही पोचला होता. किंग्स्टनमध्ये जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेलनं, म्हणजे कूल हर्कनं, ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्सच्या सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या इमारतीतल्या सामाईक हॉलमध्ये बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीत शोधतात. इमारतीतला सामाईक हॉल हेही एक यार्डच होतं.

जमैकात प्रवासी रेल्वे १९९२ मध्ये बंद झाली. १९९७ च्या ध्वनिनियंत्रण कायद्यानं रात्री ठरावीक वेळेनंतर लॉनवरचा आवाज बंद करण्याचे अधिकार पोलिसांना दिले. शेजाऱ्याच्या झोपेचाही हक्क आहे, हे खरं, पण कायदा लागू होतो तो बहुधा गरीब वस्तीच्या नाचाला, अशी तक्रार तेव्हापासून आहे. डॉक्टर्स केव्हवर आता कुणीही पैसे भरून जाऊ शकतं. अनेक किनाऱ्यांसमोर मात्र रिसॉर्टच्या भिंती आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोहत आलेल्या वाटा बंद झाल्या म्हणून स्थानिक लोक न्यायालयात गेले आहेत. त्यांची मागणी साधी आहे: १९५६ चा कायदा बदला आणि रविवारी मुलांना घेऊन समुद्रावर जाण्याचा हक्क लिहून द्या.