मोबाइल कंपन्यांचा लॅपटॉपच्या बाजारात शिरकाव

तुळिंज (प्रतिनिधी) : नालासोपारा पूर्वेकडील तुळिंजसारख्या दाट वस्तीत मोबाइल हाच अनेक कुटुंबांचा पहिला संगणक ठरला आहे. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा घरातील एकुलत्या एका फोनवर भावंडांचे तास आणि वडिलांची कामे यांची ओढाताण झाली. अशा घरांत आता लॅपटॉपचा विचार होऊ लागला असून, तो विकायला पुढे आलेल्यांमध्ये मोबाइलच्या धंद्यात नाव कमावलेल्या कंपन्याही आहेत.

या प्रयोगांची सुरुवात जुनी आहे. नोकियाने २००९ मध्ये सिमकार्ड चालणारे 'बुकलेट ३जी' आणले. पण ते महाग पडले. आपल्याकडे मायक्रोमॅक्सने २०१५ मध्ये 'कॅनव्हास लॅपटॅब' १४,९९९ रुपयांना बाजारात उतरवला. यालाच हायब्रिड लॅपटॉप म्हणतात. कळफलक जोडला की लॅपटॉप, काढला की टॅबलेट. चीनच्या हुआवेने २०१६ मध्ये 'मेटबुक'द्वारे हाच मार्ग धरला, तर त्याच वर्षी शाओमीने साधा लॅपटॉप आणला.

यंत्रापेक्षा महत्त्वाची असते ती कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. ती ज्याच्या हाती, त्याच्याच दुकानातून ग्राहक अॅप घेतो. दुसऱ्याच्या प्रणालीवर विसंबण्याचा धोका हुआवेला मे २०१९ मध्ये कळला. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे तिच्या नव्या फोनवरील गुगलच्या सेवा बंद झाल्या. ऑगस्टमध्ये कंपनीने 'हार्मनी ओएस' जाहीर केली आणि मे २०२५ मध्ये ती लॅपटॉपवरही आणली. मुंबईतही असा प्रयत्न झाला. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मराठीसह भारतीय भाषांसाठी घडवलेली 'इंडस ओएस' २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या फोनवर होती. पुढे ती कंपनी फोनपेकडे गेली आणि तिचा वारसा आज अॅपच्या दुकानापुरता उरला आहे.

आपल्या भागातील ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण जिओचे. सप्टेंबर २०१६ मध्ये ४जी सेवा, २०१७ मध्ये जिओफोन, २०२१ मध्ये 'प्रगती ओएस' असलेला जिओफोन नेक्स्ट आणि २०२२ मध्ये पहिले 'जिओबुक' असा हा प्रवास आहे. ३१ जुलै २०२३ रोजी जाहीर झालेल्या सुधारित जिओबुकची किंमत १६,४९९ रुपये ठेवण्यात आली होती. ११.६ इंची पडदा, मीडियाटेकची मोबाइलच्या धर्तीची चिप, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ४जी सिम असे त्याचे स्वरूप. वजन ९९० ग्रॅम; सकाळच्या विरार लोकलमध्ये पाठीवरची बॅग पोटाशी धरून उभे राहणाऱ्याला या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. तीनच दिवसांनी, ३ ऑगस्टला, केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर केली. तिची अंमलबजावणी मात्र लगेच लांबणीवर पडली.

किंमत इतकी कमी कशी? मोबाइलची चिप स्वस्त असते, तिला पंखा लागत नाही आणि बॅटरीही कमी लागते. शिवाय जिओ ओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली असल्याने विंडोजच्या परवान्याचा खर्च वाचतो.

खरी अडचण येथेच आहे. राज्यात २००१ पासून चालणाऱ्या एमएस-सीआयटीच्या वर्गात विद्यार्थी प्रामुख्याने विंडोज आणि ऑफिस शिकतात. दुकानदारांचे टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. विंडोजचे हे कार्यक्रम जिओ ओएसवर थेट बसवता येत नाहीत. शाळेचे तास, टंकलेखन, इंटरनेटवरील अर्ज आणि पायथॉनसारख्या भाषांचा प्राथमिक सराव यांना असे यंत्र पुरते. हिशेबनीस किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ते अपुरे पडेल. 'लॅपटॉप' हा शब्द दोन्ही खोक्यांवर सारखाच छापलेला असतो, ही ग्राहकाची मोठी फसगत.

खरेदीपूर्वी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्याला लागणारा कार्यक्रम या प्रणालीवर चालतो का, ती दुकानातच चालवून पाहावी. कार्यप्रणालीची सुधारित आवृत्ती किती वर्षे मिळणार, हे लेखी घ्यावे. सिम कोणत्याही कंपनीचे चालते की एकाच, हेही तपासावे. जुने यंत्र स्वस्तात घेताना तर दुसरा प्रश्न आधी विचारावा, कारण सुधारणा थांबल्या की बँकेची अॅप कालांतराने चालेनाशी होतात.