गारुड्याची पोतडी

बडोद्यास प्रतापनगर स्थानकाबाहेर आमच्या लहानपणी एक गारुडी येत असे. त्याची डुगडुगी वाजली की शाळेची वाट सोडून आम्ही रिंगणात जाऊन बसत असू. पोतडीतून काढलेली दोरी तो सर्वांदेखत कापी आणि फुंकर घालून पुन्हा अखंड करून दाखवी. त्या दोरीने आम्हांस आजतागायत बांधून ठेवले आहे. पुढे वकिलीची सनद मिळाली, केसही पिकू लागले. पण कोर्टातून परतल्यावर आरशासमोर दोरी घेऊन बसण्याचा नाद काही सुटला नाही.

ही कला हलकी मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तिचे कुळ मोठे आहे. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत इंद्रजाल आणि हस्तलाघव या दोहोंची गणना केली. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (१.१.१७) अविद्येने कल्पिलेल्या जीवाहून परमेश्वर वेगळा कसा, हे सांगताना दृष्टांत घेतला तो मायावी पुरुषाचाच. ढाल-तलवार घेऊन सुतावरून आकाशात चढताना दिसतो तो एक, आणि भूमीवर उभा असतो तो खरा मायावी निराळा. आमच्या मते या विद्येचे सारे नीतिशास्त्र येथेच आहे. प्रेक्षकांना आकाशातला मायावी अवश्य दाखवावा. पण भूमीवरचा माणूस त्यांच्यापासून लपवू नये.

आमच्या कायद्याने मात्र हा विवेक फार उशिरा केला. मुंबई राज्याच्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक अधिनियमाने, सार्वजनिक जागी गाणे, नाच वा खेळ करून दाखविण्याच्या निमित्ताने पैसा घेणे हीही भीकच ठरविली. राज्याच्या विभाजनानंतर तो कायदा महाराष्ट्राबरोबर गुजरातेतही राहिला. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी देशोदेशी रंगमंच गाजविला, 'प्रवासी जादूगार' हे पुस्तक लिहिले, आणि त्यांची विद्या पुत्र विजय व नातू जितेंद्र यांनी पुढे चालविली. तीच विद्या रस्त्यावर आली की भीक! उलट, दोरीत दैवी शक्ती आहे असे सांगून पैसे उकळणाऱ्यास फसवणुकीचे जुने कलम होते खरे, परंतु तथाकथित चमत्कारांच्या धंद्यास नाव घेऊन गुन्हा ठरविणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला. गुजरातेत तशा प्रकारचा कायदा व्हावयास २०२४ उजाडले.

हा भेद आम्ही पुस्तकात वाचला होता. शिकविला मात्र एका म्हाताऱ्या बाईने. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात देवळाच्या मंडपात आम्ही दोरीचा प्रयोग केला. टाळ्या पडल्या. आवराआवर चालली असता एक आजी नातवाला घेऊन पुढे आल्या. मुलगा पाच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुटलेलं जोडता तुम्ही. याच्या वाचेवरून एकदा हात फिरवा."

जादूगाराने गुपित फोडू नये असा आमच्या विद्येचा दंडक आहे. आम्ही क्षणभर घुटमळलो. मग आठवण झाली रेजिनाल्ड स्कॉटची. चेटकीण म्हणून गरीब बायकांचा छळ होत असे त्या काळात, १५८४ साली, या इंग्रज गृहस्थाने चेटूक खोटे आहे हे पटविण्यासाठी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात हातचलाखीच्या युक्त्याही उघड केल्या. कापलेली दोरी जोडण्याची युक्ती त्यांत आहेच.

आम्ही आजींना पडद्यामागे नेले आणि दोरी त्यांच्या हाती दिली. "आजी, कापतो तो हा वेगळा तुकडा. मूळ दोरीला कात्री लागतच नाही."

त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग नातवाच्या मनगटावरच्या काळ्या दोऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "मग दर अमावास्येला पैसे घेऊन हा बांधतो, त्याचाही तुकडा वेगळाच असेल?"

आम्ही उत्तर दिले नाही. कानाच्या डॉक्टरांचा पत्ता तेवढा लिहून दिला. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी आम्ही सांगतो की आमच्याजवळ शक्ती नाही, सराव आहे. एवढे सांगूनही टाळ्या कमी पडत नाहीत.